दोन वाजता लाईट येते

रेवण, तू विचारतोस कुठली थर्मल घ्यावी.
दुकानदार म्हणेल, दीड किलोमीटरवरचं दिसतं.
दिसतं रे.
दिसणं म्हणजे काळ्यावर पांढरा एक तीळ.
तो डुक्कर, की कुत्रं, की कुणाची चुकलेली शेळी,
हे कळायला दीडशे पावलंच उरावी लागतात.
पैसे त्या दीडशे पावलांचे दे,
बाकीचा आकडा खोक्यावर राहू दे.

आणि थंडीत पारखू नकोस, थंडीत सगळ्याच शहाण्या असतात.
वैशाखात ये मार्डीच्या माळावर.
त्रेचाळीस डिग्री पिऊन बसलेला काळा दगड
रात्री अकरालाही उतरत नाही.
काचेत धोंडा न धोंडा डुकराएवढा,
बांध म्हणजे अख्खा कळप.
पहिल्या उन्हाळ्यात एका खडकावर
मी तासभर नेम धरून होतो,
हलेना म्हणून त्याच्या धीराचं कौतुक करत.

झिरो करायला कागदी निशाण चालत नाही,
कागदाला अंग नसतं.
तुझी मामी चुलीत जुना रुपया तापवून द्यायची,
चिमट्यानं, शिव्या घालत.
तो विटेच्या खाचेत बसवायचा, शंभर पावलं पळत यायचं,
आणि रुपया विझायच्या आत तीन गोळ्या.
जीपची काच वर करून बघू नकोस.
आपलंच तोंड दिसतं.

आता ती रात्र ऐक.
इरण्णा हत्तुरेचा उन्हाळी भुईमूग, शेंगा भरलेल्या.
परवानगीचा कागद खिशात: गट नंबर, तारखा, शिक्का.
वनरक्षक बिराजदार मॅडम बाभळीखाली जाग्या.
इरण्णा म्हणालेला, रात्री शेतात कोणी नसतं.

दीड वाजून गेलेला. दगड निवत आलेले.
तेवढ्यात वेलांच्या मधोमध पांढरं काहीतरी,
बुटकं, रुंद,
खाली मुंडी घालून उकरणारं.
डुक्कर असंच उकरतं.
नव्वद पावलं. म्हणजे माझ्या हिशोबाच्या आतच.
मी खटका सरकवला.

श्वास सोडताना नळी जराशी ढळली,
मोटारीच्या पेटीवर गेली.
पत्रा थंड, काळा.
आणि त्यावर पंजा.
पाच बोटं, पांढरी. तळव्याचा खळगा काळा.
कुणीतरी आत्ताच हात टेकून गेलेलं.
बघता बघता करंगळी गेली.
मग अंगठा.

चापावरचं बोट मी कधी काढलं, आठवत नाही.
"काय झालं?" मॅडम कुजबुजल्या.
मला तोंडच उघडेना.

दोन वाजता लाईट आली.
मोटार खोकली, पाइप फुगला,
आणि ते डुक्कर उभं राहिलं,
पदर खोचत,
खोरं घेऊन बारं धरायला निघालं.
पाणी काचेत काळं दिसतं.
ते तिच्या पावलांत शिरलं, घोट्यांत चढलं,
पाय गुडघ्यापर्यंत हळूहळू अंधारात गेले
आणि वरची बाई तशीच चालत राहिली.

तिला आम्ही काही सांगितलं नाही.
मॅडमनी तिच्याकडून मूठभर ओल्या शेंगा मागून आणल्या,
निम्म्या माझ्या हातावर ठेवल्या, चिखलासकट.
सकाळी इरण्णाला धरलं,
तू तर म्हणालास कोणी नसतं!
तो म्हणाला, नसतंच की.
सून असते फक्त.

निघताना सवयीनं काच डोळ्याला लावली.
घोंगड्यावर मी अजून पालथा पडलेलो:
दोन कोपरं, छाती, मुडपलेला एक गुडघा.
बंदूक टेकली होती तिथं काहीच नाही.
तो माणूस निवेपर्यंत उभा राहिलो,
मग घोंगडं झटकलं.

घे तुला परवडेल ती.
बॅटऱ्या मात्र दोन ठेव, रेवण.
मी पेटीवरचा हात बघितला तेव्हा
एकच कांडी उरली होती.