शिशाचा आकडा

बासष्ट फुटांवर पहार वाजली नाही.
तोवर घावागणिक काळा फत्तर टणकारून उत्तर देत होता,
इथे नुसता धप्प,
ओल्या पोत्यावर हात मारावा तसा.
खुमान पावऱ्यानं वाकून चिमटीत धरलं
तर खडकाची पानं सुटली,
एकेक, सुरीच्या पात्याहून पातळ,
काळी, आणि नाकाशी नेली तर
विझल्या वातीचा वास.

वर बोभाटा झाला, कोळसा लागला म्हणून.
विहिरीच्या काठावर पोरांनी तीन दगडांची चूल मांडली,
अर्धा डबा रॉकेल गेलं.
खडक थोडा तडकला, इतकंच.
"हाऊ कोळसा नही शे," खुमान म्हणाला,
"बळत नही. म्हंजे कोनीतरी शे."

मी पोचले आठव्या दिवशी.
चोपड्यापर्यंत एसटी, पुढे केळीच्या घडांवर बसून ट्रॅक्टरनं,
जवळ कापडी पिशव्या, भिंग, आणि फालकसरांची चिठ्ठी:
हातोडीचा घाव लागलेली बाजू घेऊ नकोस. अंगठी काढून ठेव.
विहिरीत पाणी चढलेलं, थर बुडालेला.
वर उरला होता एकच तुकडा, तळहाताएवढा,
निंबाखाली.
खुमानच्या बायकोनं तो धुतला. पदरानं पुसला. पुन्हा धुतला.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.

जळगावात एप्रिल. कूलरच्या वाळ्याला कुबट वास.
अकीकाच्या खलात मी अर्धा तुकडा तीन तास घोटला,
काजळ होईस्तोवर,
मग आम्लात, मग त्या यंत्रात
जे अब्जात एक कण मोजतं
आणि कुणाची भीड धरत नाही.

मॉलिब्डेनम भरपूर. व्हॅनेडियम, युरेनियम, तेही चढे.
दुर्मिळ मृदांची रांग मी आलेखावर मांडली,
लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत.
(दुर्मिळ नावापुरत्या. सिरियम तर जमिनीत शिशाहून जास्त.)
हवा लागली की हाच सिरियम भावंडांना सोडून निघतो,
रांगेत त्याच्या जागी खाच पडते.
इथे खाच नव्हती.
म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या फुरसतीत
अनेरच्या या अंगाला एक तळं होतं, तळाशी गुदमरलेलं.
त्यात पानं पडायची
आणि कुजायचं विसरून जायची.
मी सिरियमच्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून
बराच वेळ बसले. साडेसहा कोटी वर्षांत
त्याला कुणी हाक मारली नव्हती.

मग शिसं.

आकडा एवढा, की फालकसरांनी आधी चष्मा पुसला,
मग पडदा.
खल? आम्ल? कोरा नमुना स्वच्छ होता.
पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.
दोन दिवस सर "खनिज" हा शब्द हळू आवाजात बोलत राहिले,
शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्याच हळू.

तिसऱ्या दिवशी उरलेला अर्धा मी भिंगाखाली उभा धरला.
पानांच्या फटीत, केसाएवढी,
नारिंगी रेघ.

शेंदूर.
तेलात कालवलेला, आत झिरपलेला.
आठ दिवस तो देव होता तिथे,
बळत नाही एवढ्या पुराव्यावर.
मी मागितला, तर त्यांनी देव धुऊन दिला
पाहुणीच्या पिशवीत.

सर म्हणाले, लिही: बाह्य दूषण. शिशाचा रकाना वगळ.
मी लिहिलं. वगळला.
पण अर्ध्या तुकड्याला पिशवीत भरताना
चप्पल काढली होती की नव्हती
ते आता आठवत नाही.

संध्याकाळी खुमानचा फोन.
"ताई, काय निंघनं?"
सिरियम कसं सांगू. म्हटलं, "शेंदूर."
पलीकडे एक बकरी ओरडली. कुणीतरी हसलं.
"मंग यंत्र बराबर शे," तो म्हणाला.