स्थळपाहणी, मनोरी

बांद्र्याच्या कचेरीतून निघताना
यादीत नावं बारा होती.
दर पाहणीमागे दीडशे, कंत्राटी,
आणि अर्ज अडकला तर पुन्हा यायचं, फुकट.
हे आधीच सांगितलेलं बरं.

मार्वेच्या बोटीत दोन बकऱ्या, एक जुना फ्रीज
आणि मी, गळ्यात ओळखपत्र.
खाडी ओलांडायला लागतो
एक फोन उचलून ठेवायला लागतो तेवढा वेळ.

पहिलं नाव निशिकांत वेलणकर, राहणार खार.
शेडनेट, पाचशे चौरस मीटर, निम्मं अनुदान.
शेडनेट होतं. खोटं कशाला बोलू.
हिरवंगार, ताणून बसवलेलं,
खाली पांढऱ्या खुर्च्या, हळदीचा मंडप,
आदल्या रात्रीचा झेंडू अजून ओला.
राखणदार फार भला माणूस.
म्हणाला, थांबा मॅडम,
आणि चार खुर्च्या सरकवून
मिरचीच्या तीन कुंड्या आणून ठेवल्या.
"ह्या धरून काढा."
अ‍ॅपने फोटो लगेच घेतला.
पीक: मिरची. अवस्था: फुलोरा. शेरा: योग्य.

योग्य मी लिहिलं. माझ्याच बोटाने.

बाकीचे असेच, थोडेफार.
दोघांकडे खरोखरची भेंडी होती,
कोवळी, काटे बोचतील अशी;
तेही नोंदवायला हवं.

बारावं घर बंद.
त्याच्या कुंपणाला लागून एक विहीर
आणि विहिरीशी वाकलेली आपोलिन किणी,
लुगडं खोचून, डोक्याला टॉवेल.
लाल माठ, मुळा, वालाचा मांडव.
"लिव की माजं पन नाव," ती म्हणाली.
सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, तिचं नाही.
तीन कुवेतला, दोन कॅनडात,
एकजण वसईला, त्याच्याशी बोलणं नाही,
उरलेले सिमेट्रीत.
कसणारी ती एकटी, आणि
कसणाऱ्यासाठी रकाना शोधायला मी
अ‍ॅपमध्ये खाली खाली जात राहिले.

"बरं, फोटो तरी काढ."
काढला.
स्थान जुळत नाही, अ‍ॅप म्हणालं.
निळा ठिपका खाडीत पडला होता,
पार आत, मचव्यांच्या वाटेवर.
मी मोबाइल झटकला, आकाशाकडे धरला.
ती बघून हसायला लागली,
हसता हसता बांधावर बसली.
"बरोबर दावतंय गो तुजं यंत्र.
उधाणाला हितवर खारं पानी येतं.
दर पुनवेला, दर अवसेला
तीन पाट्या चिखल घालते मी ह्या बांधाला,
सासऱ्यापास्नं.
नायतर हे सगळं खाडीचंच."

तीन पाट्या गुणिले महिन्याचे दोन,
गुणिले एकेचाळीस वर्षं.
मी हिशेब केला, बोटीची वाट बघताना.
चिखलाला योजना-क्रमांक नाही.
ठिबकला आहे, तुषारला आहे,
मांडवाला आहे, मंडपालाही निघतो.

मुळ्याची जुडी तिने जबरदस्तीने दिली.
पैसे काढले तर रागावली,
म्हणाली, कचेरीत वाट, तिकडं कोनाला मिळतो असा.

वाटला.
साहेबांनी डब्याबरोबर कचकन चावला,
डोळ्यांत पाणी आलं तिखटाने.
"वा! कुठल्या गावचा?"
आपल्याच जिल्ह्यातला, सर.
"मुंबईत कुठे शेती उरली आहे?"
असं म्हणत त्यांनी डाव्या हाताने
यादी पुढे ओढली
आणि बाराही नावांवर सही केली.

बंद घराचं सुद्धा.

माझे अठराशे महिनाअखेरीस जमा झाले.
तो एक फोटो मात्र अजून जात नाही,
रोज रात्री फोन विचारतो, पुन्हा प्रयत्न करू?
बाई हसते आहे, मागे वाल लगडलेला,
आणि नकाशात तिच्या पायाखाली
नुसतं निळं.