शेवटची पंगत

फिनॉल रेड लाल आहे तोवर
नळीत कुणी जेवलेलं नसतं.
पिवळं झालं की समजायचं,
साखर गेली, आम्ल आलं.
आणि आत उलटी सोडलेली ती बोटाच्या पेराएवढी नळी,
तिच्या टोकाशी बुडबुडा अडकला असेल
तर जेवणारा ढेकर देऊन उठला.

ग्लुकोज, लॅक्टोज, मॅनिटॉल.
नेहरूनगरच्या लॅबमध्ये रोज चाळीस नळ्या
मी सदतीस अंशांवर ठेवते,
म्हणजे आपल्या पोटातली ऊब, काचेच्या कपाटात.
सकाळी गिरिजव्वा रजिस्टर उघडते.
अधिक म्हणजे खाल्लं.
उणे म्हणजे शिवलंसुद्धा नाही.
जंतूंनाही आवडनिवड असते,
आणि ती माणसांपेक्षा पक्की असते.

घरी, येळ्ळूरला, आप्पांची साखर
उपाशीपोटी दोनशे बारा.
हे मशीननं सांगितलं.
मोरीतल्या मुंग्यांनी दोन महिने आधी सांगितलं होतं,
आम्ही त्यांच्यावर हळद टाकली.

डॉक्टर म्हणाले, भात बंद.
येळ्ळूरच्या माणसाला!
जिथं बासमती निसवली की
बांधावरून जाणाऱ्याला
कुणाच्या तरी घरी पान वाढलंय असं वाटतं.
आप्पांनी ऐकून घेतलं, रिपोर्टाची घडी केली,
रिक्षात बसल्यावर म्हणाले,
"भात नाही म्हंजे मग जेवलो असं म्हणायचं कशाला की?"

आई कमी बोलते.
तिनं कालचा भात पुढं ओढला, ताक ओतलं,
"शिळा चालतोय काय ते विचार बघू तुज्या नळ्यांना."

वाटीभर, म्हटलं. मापून.
भात निवला की त्यातलं थोडं पीठ
अंग आखडून बसतं,
आपल्या रसांना त्याची गाठ सुटत नाही.
ते तसंच खाली उतरतं, मोठ्या आतड्यात.
तिथं शेवटची पंगत बसते.

"कुणाची?"

ज्यांना आपण कधी हाक मारली नाही त्यांची.
जोंधळ्याचा कोंडा, मटकीची सालं,
कांद्यातलं ते, जे पोट फुगवतं,
पानात टाकलेलं नव्हे, आपल्याला न झेपलेलं सगळं.
उजेड नाही, वारा नाही, वाढपी नाही.
जेवतात, आणि उठताना थोडं आंबट
मागे ठेवून जातात.
आतड्याची भिंत त्यावर जगते.
आपण त्यांना पोसतो असं मी परीक्षेत लिहिलं होतं.
मार्क मिळाले होते पाच पैकी पाच.
आता तेवढी खात्री नाही.

आईनं ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं,
मग कोपऱ्यातल्या मडक्यावरचं फडकं उचललं.
रात्री कालवलेलं नाचण्याचं पीठ,
वर बारीक बारीक डोळे आलेले.
"मी तर रोज राती हेच करतो की ग," म्हणाली.
करतो-च म्हणते ती, इथल्या बायका म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात आंबील,
गिरिजव्वाच्या डब्यात अंबली.
सुपारवायझर नव्हते म्हणून आम्ही दोन्हींचा एकेक थेंब
काचेवर पसरला, रंगवला, बघितला.
जांभळ्या दांड्या, जांभळ्या माळा.
काचांवर नाव घालायचं दोघी विसरलो होतो.
"निंदु यावदु?" तिनं विचारलं.
तुझी कुठली?
मी दोन्ही धुऊन टाकल्या.

आप्पा शनिवारी रक्त द्यायला आले.
दंडाशी कापूस धरून
स्टँडमधल्या नळ्या बघत उभे राहिले,
एकोणचाळीस पिवळ्या, मध्ये एक लाल.

"हिला काय झालं?"
काही नाही आप्पा. लॅक्टोज दिलेलं, खाल्लं नाही त्यानं.

बराच वेळ बघत राहिले.
"बिचाऱ्याला," म्हणाले, "कुणी बंद सांगितलं?"