व्हॉल्व्हची चावी

एकोणीस वर्षं झाली, ही लोखंडी चावी माझ्याकडं आहे.
पहाटे चारला आधी कोसमघाटचे तीन फेरे,
मग सायकल काढून तलावाच्या पाळीवरून
चिचटोल्याचा एक.
टाकी तिकडं, घर माझं इकडं.
म्हणून सभेत दोन्हीकडचे माझ्याकडंच बघत होते.

विषय क्रमांक चार:
गट ग्रामपंचायतीतून चिचटोला वेगळा काढणे.

रसवंता पहिली उठली, बचत गटाची वही घेऊन.
"घरटॅक्स आमचा बेचाळीस हजार गेला मागच्या साली.
आला काय? एक लाईट.
थो बी सरपंचाच्या भाच्याच्या बांधीवर."
लोक हसले. ती नाही हसली.
"दुसऱ्याच्या मांडीवर बसून
त्याच्या ताटात किती दिवस पाहाचं?"

फागूजी नेवारे समजुतीनं बोलले,
एकी, भाईचारा, एका काडीचा झाडू होत नाही वगैरे.
त्यांच्या पाठीमागं त्यांचीच भिंत,
गेरूनं त्यांनीच रंगवलेली, मिशी फुटायच्या वयात:
वेगळा विदर्भ झालाच पाहिजे.
चुन्याचे तीन हात बसलेत तिच्यावर,
बाकीचं गेलं, "वेगळा" अजून वाचता येतो.
मागून डुलीचंद म्हणाला,
"भाऊ, तुमाले मुंबई दूर पडते,
आमाले तुमचा ओटा."

तेव्हा मात्र फागूजी गप्प बसले.
मला वाईट वाटलं त्यांचं. का, ते माहीत नाही.

एका पोरानं वहीच्या पानावर टाकी काढून आणली होती,
निळी, शिडीसकट, वर गावाचं नाव.
"आपली टाकी, आपलं पाणी."
टोल्यात तीनदा बोअर मारलं, मी होतो तिन्ही वेळा,
नुसता पांढरा भुगा उडाला, पोरांच्या केसांत बसला.
बोलावं की नाही, ठरेना.
चित्र चांगलं होतं.

मग म्हातारी तानाबाई:
"मसान कोणाच्या हद्दीत राहील?"
कोणी काही बोललं नाही.
तलावाचं तुडुम त्यांच्याकडं, मसान आमच्याकडं.
पाणी तिकडून येतं,
मेलेलेही तिकडून येतात.
याचा हिशोब कोणत्या रजिस्टरात लिहायचा,
बाबूनं पेन टेकवलं आणि उचललं.

कोसमघाटात मला कोणी चहा पाजला नाही असं नाही.
पाजला. उन्हाळ्यात दहीसुद्धा.
पण ओट्यावर. एकोणीस वर्षं ओट्यावर.
कप धुऊन ठेवायची सवय हाताला कधी लागली
मला आठवत नाही.

हात वर करा, म्हणाले.
मी केला.
चावी हातातच होती, तीही वर गेली,
टोल्याकडून टाळ्या पडल्या,
आणि समोर गंगूबाई, जी दही द्यायची,
पदर सावरत खाली बघायला लागली.
छप्पन्न विरुद्ध एकोणचाळीस.
कागद आधी पंचायत समितीत जाईल, मग जिल्ह्याला,
मग कुठं, ते बाबूलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार.
तीन फेरे फिरवले. पाळीवर धुकं.
टोल्याच्या वळणावर उतरलो, झाकण काढलं,
चावी घातली, फिरवली.

रोज मी लगेच निघतो.
आज गुडघे टेकले
आणि पाइपाला कान लावला.
थंड होता. आत काही नव्हतं.
एक ट्रॅक्टर गेला कुठंतरी लांब.
टोल्यात बाया गुंड ठेवत होत्या नळाखाली,
ते ऐकू येत होतं.

तिकडून कोणी बंद केलं असेल का?
चावी तर माझ्याच हातात आहे.
तरी विचार आला. एकोणीस वर्षांत
पहिल्यांदा आला.

मग लांबून, रस्त्याच्या खालून,
हवा खोकत यायला लागली.