उलटं मोजायचं नाही

सव्वीस वर्षं कांद्याचा सौदा बोलतोय मी.
सकाळी मार्केट यार्डात ढिगावर चढायचं
आणि आकडा सोडायचा : पंधराशे, पंधराशे पन्नास, सोळा.
माईक नाही. फोलपटं उडत असतात,
हमाल ओरडत असतात, ट्रक मागं येत असतात,
त्या सगळ्याच्या वर एक माझा घसा.
माझ्या सातबाऱ्यावर तेवढंच.

हर्नियाच्या वेळी टाके तिसऱ्या दिवशी विसरलो,
घसा मात्र आठवडाभर विसरू देईना.
श्वासासाठी नळी घातली होती म्हणे.
आवंढा गिळला की आत खिळा सरकायचा.
कडक भाकरी पाण्यात भिजवून,
शेंगाचटणीला लांबूनच नमस्कार.
यार्डात माझ्या जागेवर शिदप्पा चढला
आणि लोक म्हणाले, बरा बोलतो की पोरगा.

म्हणून पित्ताशयाच्या वेळी
भुलीच्या डॉक्टरीणबाईंना आधीच सांगितलं :
खडे काढा, घसा ठेवा.
क्यातम बाई हसल्या नाहीत.
कागदावर पेनानं दोन रेघा ओढल्या.
या तुमच्या आवाजाच्या पट्ट्या,
नळी यांच्यामधूनच जाणार, दुसरी वाट नाही.
एक नंबर बारीक घेईन. तिचा फुगा दाब मोजून फुगवीन.
आणि आत न्यायच्या आधी औषधाची वाफ देईन.
मग दुखणार नाही?
कमी दुखेल. बहुतेक.
हमी देत नाही, बोली लावते.

हे बोलणं ही बाई कुठं शिकली?
वडील जोडभावी पेठेत सुताचे दलाल होते, नंतर कळलं.

मे महिना. बाहेर पत्रे तापलेले
आणि माझ्या नाकातोंडावर मास्क.
वाफ म्हणजे गरम, असं आयुष्यभर समजत होतो.
ही गार होती, किंचित कडवट,
जानेवारीत पहाटे कंबर तलावावर असतं तसलं धुकं
रस्ता चुकून माझ्या घशात उतरलेलं.
मशीन घरघरत होतं रात्रपाळीच्या मागासारखं,
चालू असला की झोप लागते, बंद पडला की जाग येते.
सव्वीस वर्षांची फोलपटं बसली असतील तिथं
कुणीतरी पहिल्यांदाच पाणी शिंपडत होतं.

टेबलावर बाई म्हणाल्या, दहापासून उलटं मोजा.
बाई, उलटं नाही.
माझ्या तोंडून भाव कधी उतरलेला नाही.
बरं, मग चढं मोजा.
अठराशे. अठराशे पन्नास. एकोणीस.
एकोणीसशे पन्ना

दोन हजार!
काका, नाव विचारलं मी, सिस्टर म्हणाली, नाव.
आवाज कोरडा होता, थोडा खरबरीत,
पण माझाच. आवंढा गिळून बघितला.
परत गिळला. खिळा नव्हता.

शेजारच्या खाटेवर एक विणकर,
अपेंडिक्स फुटल्यावर घाईत आणलेला.
त्याला वाफ द्यायला वेळ कुणाकडं होता?
घसा धरून काहीतरी म्हणत होता, नुसती हवा निघत होती.
तेलुगू मला सौद्यापुरतं येतं.
ओठ वाचले : नीळ्ळू.
मग पोट धरून, ढिगावर चढल्यासारखी हाक टाकली,
सिस्टर, पाणी मागतोय तो!
अख्खा वॉर्ड वळला.
पाणी आत्ताच नाही, ती म्हणाली,
आणि कापूस भिजवून त्याच्या ओठांवरून फिरवला.

त्यानं माझ्याकडं बघून एक बोट वर केलं.
यार्डात याचा अर्थ, पन्नास चढले.