बावीस फूट

फाटकापासून दारापर्यंत बावीस फूट.
तेवढ्यासाठी महांतेशनं
अठ्ठावन्न पानांचा कॅटलॉग आणलाय.
पानोपानी अंगणं,
कुठल्याच अंगणात माणूस नाही.

"ही स्लेट. हा गोटा. ही लाकडाची फळी.
काँक्रीटच असतंय की सर, पण बघणारा फसतो."
"फसवायचंय कुणाला?" अंबुबाई आतून,
"कुरिअरवाल्याला?"

गोट्याला तिच्या गुडघ्याचा नकार.
फळीवर पाणी ओतायला जीव धजणार नाही म्हणते.
विटांच्या पानावर मी जरा रेंगाळतो,
ती नुसतं "वद्दु" म्हणते.
तेलुगूत नाही आलं की
आमच्या घरात मराठीत अपील नसतं.

उरली शहाबादी. म्हणजे, शहाबादीसारखी.
खरी तर ट्रक भरभरून येते सोलापुरात,
तिच्यावर जेवलो, झोपलो, धुणी आपटली,
आता तिचा ठसा विकत घ्यायचा.
"खऱ्या फरशीत सांध्यातून मुंग्या येतात सर."
मला मुंग्यांचा काही त्रास नव्हता.
पण बोललो नाही.

नमुना उन्हात ठेवून पाहिला
आणि दिसलं:
चौथ्या दगडाचा कोपरा उडालेला,
नवव्याचाही तसाच,
चौदाव्याचाही.

एकतीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली मी.
चादरीवर मोर कुठं संपतो
आणि तोच मोर पुन्हा कुठं उभा राहतो
हे लाइट गेली तरी बोटांना कळायचं.
"रिपीट दिसतोय," म्हणालो.
"तुम्हालाच दिसणार," महांतेश हसला.

मोर चुकला तर माल परत यायचा.
दगड चुकला नाही तर तो दगड कसला?

पाण्याचा वार गाठून, पहाटे चारला काम धरलं.
एप्रिलात सातनंतर काँक्रीट कुणाचं ऐकत नाही.
साचा चिकटू नये म्हणून पावडर उधळली, तपकिरी,
विड्या वळणं सोडून दहा वर्षं झालेल्या अंबुबाईला
तंबाखूची शिंक आली.
दारापुढं दोन फूट तिनं गुळगुळीत ठेवायला लावलं,
रांगोळीची रेघ खडबडीवर अडखळते म्हणून.
आणि मी म्हणालो, तिसरा साचा फिरवून मार.
"सांधा जुळणार नाही सर."
मार.

आता सीलर चढून चकाकतंय सगळं.
शेजारचे गाजूल विचारून गेले, फरशी कुठून आणली?
बारा फुटांवर एक रेघ दुसरीला चुकते,
तिथं माझी चप्पल आपोआप हळू होते.
बाकीचे दगड आधी भेटल्यासारखे वाटतात.

परवा त्या चुकल्या रेघेवरून
एक मुंगी चालली होती, साखरेचा दाणा घेऊन.
अंबुबाईला सांगितलं नाही.