काल्डरकाठचा तेरडा

सॉवर्बी ब्रिजच्या बंद गिरणीमागे
शनिवारी नऊला जमलो आम्ही सातजण.
हातमोजे, थर्मास, आणि डोरीननं जपून ठेवलेल्या
पावाच्या रिकाम्या पिशव्या.

डोरीन ऑग्डन. तीस वर्षं टपाल वाटलं तिनं या गावात,
आता तेरडा उपटते.
"उशीर झालाय," ती म्हणाली, "बोंडं भरलीत.
आधी पिशवी घाला डोक्यावर, मग हात लावा.
एकेका झाडाला आठशे बिया,
आणि फुटलं की वीस फूट."

माणसाच्या उंचीचा तेरडा.
आमच्याकडे गुडघ्याला लागेल न लागेल एवढा.
याचा वास गोडूस, स्वस्त साबणासारखा,
पण बोंड तेच.
हिरवं, तटतटलेलं, श्वास रोखून बसलेलं.
बोट लागलं की सालं उलटी वळतात
आणि तळहातावर उरतं
काहीतरी रिकामं, गुंडाळलेलं,
नको ते बोलून गेलेल्या तोंडासारखं.

"तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणतो आम्ही,"
मी डोरीनला सांगितलं.
"तीन दिवस!" ती कंबर धरून हसली.
"पावणेदोनशे वर्षं झाली, बाई.
कुणीतरी हौसेनं बागेत लावला होता."

भाद्रपद होता.
हे मला तिसऱ्या झाडाला आठवलं,
म्हणजे हातांना आठवलं.
लांज्याला, पऱ्ह्याच्या काठाशी वाकून
मुळासकट अलगद उपटायचा.
मुळं म्हणजे गौरीची पावलं.
धुवायची, फडक्यात घ्यायची,
तोंडात पाण्याची चूळ धरून
न बोलता घरी आणायची.

इथे मुळं मोडायची. पहिल्या पेरावर बूट ठेवून
कडकन.
मग ढीग करायचा उन्हात, ऊन असलं तर.
"आणि पाण्यात काही टाकायचं नाही हं," डोरीन बजावते,
"नदीच तर नेते सगळीकडे."
आम्ही गौर पाण्यातच सोडायचो.
हे मी तिला सांगितलं नाही.

कीरन, अकरा वर्षांचा, आजोबांबरोबर आलेला.
ज्यांवर पिशवी घालायची
ती बोंडं तो आधी फोडतो. टप्प. टप्प.
आजोबा ओरडतात, तो पुढच्या झाडाकडे जातो.
मीही एक फोडलं,
कुणी बघत नसताना.
दोन.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर,
शेजारी आजोबा पेंगलेले.
त्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपीत
मिऱ्याएवढ्या चार काळ्या बिया.
बस नॉरलंडची चढण चढत होती.
नदी बी खालीच नेते,
वर न्यायला टोपी लागते.

मी बोट पुढे केलं.
तेवढ्यात त्यांचा स्टॉप आला.